मतहफ

“काल मी मतहफ बघून आले,” मी सहज म्हटलं. समोरच्या दारातली तांत कॉफी ओतत होती. तिनं हातातली रक्वे, म्हणजे लांब दांड्याचं ते कॉफीचं भांडं, पुन्हा गॅसवर ठेवलं. गॅस तर तिनं केव्हाच बंद केला होता. मग फडक्याला हात पुसत विचारलं, “आणि परत कशी आलीस?” मला वाटलं, वाहन मिळालं का असं विचारतेय. म्हटलं, “चालत.” तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. “चालत,” असं स्वतःशीच पुटपुटली आणि वेलदोडा नेहमीच्या दुकानातला नाही, वासच येत नाही त्याला, असं काहीतरी सांगायला लागली.

तो प्रश्न पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. मतहफ म्हणजे वस्तुसंग्रहालय. लेबनॉनच्या राजधानीचं, बैरूतचं राष्ट्रीय संग्रहालय आमच्या इमारतीपासून रमतगमत गेलं तरी पंचवीस मिनिटांवर. रस्ता सरळ, भर दिवसाची वेळ. तिथून कुणी परत कसं येतं, हा काय विचारण्यासारखा प्रश्न आहे? आणि विचारताना तिच्या आवाजात नुसती चौकशी नव्हती. आमच्या गावी ओढ्याला पूर आलेला असताना कुणी पलीकडून घरी आलं की आजी ज्या आवाजात “आलास का रे बाबा” म्हणायची, तसलं काहीतरी त्यात होतं.

२०२२ च्या सप्टेंबरात मी बैरूतला गेले ती कामासाठी. जुनी घरं दुरुस्त करणं हा माझा पेशा. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांत आयुष्य गेलंय. चुना, सुर्खी, वाळवी लागलेल्या तुळया यांच्यात मी घरच्यासारखी वावरते. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात साठवून ठेवलेलं २७५० टन अमोनियम नायट्रेट फुटलं. दोनशेवर माणसं गेली आणि बंदराच्या वरच्या अंगाला असलेले जुने मोहल्ले खिळखिळे झाले. युनेस्कोच्या हिशेबानं सुमारे ६४० ऐतिहासिक इमारतींना इजा झाली होती आणि त्यातल्या साठेक कोसळण्याच्या बेतात होत्या. अशा घरांची मोजमापं घेणाऱ्या एका गटात मी होते. मधोमध मोठा दिवाणखाना, त्याच्या दर्शनी भिंतीत ओळीनं तीन कमानींची उंच खिडकी, वाळूच्या दगडाच्या भिंती आणि वर तांबडी कौलं. त्यातलं एक कौल मी हातात घेऊन उलटं केलं तर मागे मार्सेलचा छाप. एकोणिसाव्या शतकात जहाजांतून आलेली ही कौलं. आपल्या कोकणातल्या घरांवरचं मंगलोरी कौल याच फ्रेंच कौलाच्या कुळातलं, त्यामुळे एवढ्या दूरच्या छपरावर उभी असताना मला अचानक गुहागरच्या मामाच्या घराची पडवी आठवली. पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस यायचा, ती आठवली.

अश्रफिये भागात एका पाच मजली इमारतीत खोली मिळाली. समोरच्या दारात तांत. तिथं वयानं मोठ्या बाईला ‘तांत’ म्हणायची रीत आहे, आपण कुणालाही मावशी म्हणतो तशी. ऐंशीच्या उंबरठ्यावरची, एकटी, केस नेहमी नीट बसवलेले. तिचं शाळेतलं फ्रेंच आणि माझं कॉलेजातलं फ्रेंच, त्यात चिमूटभर अरबी, एवढ्यावर आमचं चांगलं जमलं. ती मला ‘या बिंती’ म्हणे, म्हणजे ‘पोरी’. दिवसाकाठी सरकारी वीज दोन तास आली तरी भाग्य. बाकी सगळा कारभार गल्लीतल्या जनरेटरवर. त्याच्या वर्गणीला ‘इश्तिराक’ म्हणतात आणि त्याचा मालक त्या गल्लीत आमदारापेक्षा मोठा. वीज आली की जिन्यातून कुणीतरी ओरडतं, “इजित!” म्हणजे ‘आली’. अरबीतही वीज बाईमाणूसच. आपण ‘लाइट आली’ म्हणतो ना, तसंच. त्या एका शब्दानं मला तिथं परकं वाटेनासं झालं. “इजित” ऐकलं की आम्ही दोघी आपापल्या दारातून धावायचो, ती पाण्याचा पंप लावायला आणि मी लॅपटॉप.

तिच्या प्रश्नाचा उलगडा मला गटातल्या एका स्थानिक इंजिनिअरनं केला. पन्नाशीचा माणूस. तो म्हणाला, तिच्या वयाच्या माणसांना मतहफ म्हणजे संग्रहालय नव्हेच. मतहफ म्हणजे नाका.

लेबनॉनचं यादवी युद्ध १९७५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं आणि १९९० च्या ऑक्टोबरपर्यंत चाललं. कोण कोणाच्या बाजूनं लढत होतं ते सांगत बसत नाही, दर दोन-तीन वर्षांनी ते बदलतच होतं. पण शहर मधोमध चिरलं गेलं ते पंधरा वर्षं तसंच राहिलं. पूर्वेकडे ख्रिस्ती, पश्चिमेकडे मुख्यतः मुसलमान आणि मधून दमास्कस रस्ता. त्या रस्त्यावर माणूस फिरकेना, तेव्हा डांबर फोडून गवत आलं, झुडपं आली, झाडं झाली, म्हणून त्या सीमेचं नाव हिरवी रेषा. ती ओलांडायला मोजक्या जागा होत्या आणि त्यांतली एक, कधी उघडी तर कधी बंद, या संग्रहालयासमोर. नाक्यावर ओळखपत्र बघत. ओळखपत्रावर तेव्हा माणसाचा पंथ लिहिलेला असे आणि चुकीच्या नाक्यावर चुकीचा पंथ म्हणजे संपलंच. शिवाय आजूबाजूच्या छपरांवर नेमबाज. तरीही माणसं रोज ओलांडत. कुणाची नोकरी पलीकडे, कुणाची आई पलीकडे. तांत पश्चिमेकडच्या हमरा भागातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. पुढे तिनंच सांगितलं, पर्समध्ये टूथब्रश आणि एक जोडी कपडे कायम असायचे. नाका मध्येच बंद झाला तर कचेरीतल्या मैत्रिणीकडे राहायचं, एकदा एकवीस दिवस राहिली होती.

तिच्या घरापासून पंचवीस मिनिटांवर असलेल्या त्या इमारतीच्या आत ती कधीच गेली नव्हती. युद्धाआधीही राहूनच गेलं होतं, आणि नंतर तर ते नावच दुसऱ्या कशाचं झालं.

मी मात्र आत गेले होते आणि जे पाहिलं त्यानं भारावून गेले होते. एखाद्याला कला-इतिहासात गोडी नसली तरी चालेल, पण मोरिस शेहाब या माणसाची गोष्ट त्यानं ऐकावी. ते या संग्रहालयाचे प्रमुख. इमारत समरांगणातच आलेली. वस्तू बाहेर न्यायला वाट नाही आणि ठेवाव्यात तर लुटारू बसलेलेच. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी काय केलं? छोट्या वस्तू तळघरात नेऊन समोर काँक्रीटच्या भिंती उभ्या केल्या, आत काही आहे हे कळूच नये म्हणून. जमिनीवरच्या रंगीत खड्यांच्या चित्रांवर प्लास्टिक अंथरून वर सिमेंटचा थर दिला. आणि हलवणं अशक्य अशा टनावारी वजनाच्या दगडी शवपेट्यांना, पुतळ्यांना आधी वाळूच्या पोत्यांनी आणि मग चारी बाजूंनी काँक्रीटच्या पेट्यांनी बंद करून टाकलं. पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या टोळ्यांचे सैनिक त्या ठोकळ्यांच्या आसपास राहिले, चुली पेटवल्या, भिंतींवर नावं खरडली. त्यांच्या पाठीशी असलेल्या सिमेंटात गेबालच्या राजाची तीन हजार वर्षांपूर्वीची शवपेटी आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्या अहिराम राजाच्या पेटीपुढे मी खूप वेळ उभी होते. गेबाल म्हणजे आजचं जुबैल, ग्रीकांचं बिब्लोस. झाकणाच्या कडेनं फिनिशियन अक्षरं कोरली आहेत आणि या लिपीतला एवढा लांब मजकूर याहून जुना फारसा सापडत नाही. ग्रीकांनी अक्षरं घेतली ती याच किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्यांकडून. मजकूर म्हणजे शाप आहे. जो कुणी ही पेटी उघडी करील त्याचा राजदंड मोडो, सिंहासन उलथो आणि गेबालमधून शांती निघून जावो. हा शाप १९२३ मध्ये पेटी उजेडात आली तेव्हापासून किती जणांनी वाचला असेल. मी वाचत होते आणि वीज गेली. रखवालदारानं लांबून सवयीच्या आवाजात सांगितलं, मोबाइलची बॅटरी लावा. तळघरात मी तशीच उतरले. तिथं एकतीस शवपेट्या ओळीनं उभ्या आहेत, पांढऱ्या संगमरवराच्या, माणसाच्या आकाराच्या, प्रत्येकीवर कोरलेला चेहरा. माझ्या हातातला उजेड एकेका चेहऱ्यावरून सरकत गेला आणि प्रत्येक चेहरा त्या उजेडात जणू नुकता जागा झाल्यासारखा वाटला. कोपऱ्यात कदिशा खोऱ्यातल्या गुहेत सापडलेली माणसं आहेत. १२८३ च्या सुमाराला इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या फौजेपासून लपायला गेलेल्या गावकऱ्यांतली, कोरड्या हवेनं टिकलेली. त्यांत चार महिन्यांचं एक बाळ. ते सापडलं १९९० च्या आसपास, म्हणजे बाहेर दुसरं युद्ध चालू असताना. गुहा शोधणाऱ्या तरुणांनी गोळीबाराच्या दिवसांत डोंगरात जाऊन हळुवार हातांनी ते वर काढलं. मला तिथं उभं राहवेना. वर आले.

शेहाब १९९४ मध्ये गेले. सिमेंटच्या पेट्या फोडायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

म्हणजे ज्यानं झाकलं त्याला उघडलेलं बघायला मिळालं नाही. मी जिथं काम करते तिथं कुठलीही भिंत बंद करताना गवंडी माझ्याकडे बघतो आणि विचारतो, “बाई, ह्याच्या आत पुन्हा बघायचं नाही ना?” त्यावर मी फार विचार न करता नाही म्हणते. शेहाबांनी बंद केलं ते पुन्हा बघायचं म्हणूनच. हा विश्वास कुठून आणला असेल?

लेबनॉनमध्ये युद्धाला युद्ध म्हणणारी माणसं मला कमी भेटली. ते ‘अहदास’ म्हणतात, म्हणजे ‘घटना’. हे दुकान घटनांच्या आधीचं. हा पूल घटनांमध्ये गेला. पंधरा वर्षं, दीड लाखाच्या आसपास मृत्यू, आणि शब्द एवढासा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो थंड वाटला. मग साताऱ्याकडचा एक वाडा आठवला. दुरुस्तीसाठी माडीवरची पाटणी काढली तर खालच्या तुळया एका अंगानं कोळशासारख्या. बोट लावलं तर काळं झालं, इतक्या वर्षांनी. मालकांना विचारलं. सत्तरीचे गृहस्थ, म्हणाले, “ते अठ्ठेचाळीसचं.” आणि लगेच, “चहा घेणार ना?” गांधीजींच्या खुनानंतर ब्राह्मणांची घरं पेटली होती त्या दिवसांतलं. आमच्या भागात त्याला ‘जळीत’ म्हणतात. कुणी पेटवलं, कोण मागच्या दारानं निघालं, शेजाऱ्यांपैकी कोण आड आलं आणि कोण आलं नाही, हे सगळं गावात सगळ्यांना माहीत असतं आणि त्या एका शब्दाच्या आत बंद असतं. मी ती तुळई बदलली नाही. भार घेण्याइतकी ती आतून शाबूत होती, पण खरं कारण ते नव्हतं. पंधरा वर्षांचं युद्ध आणि काही दिवसांचं जळीत यांची बरोबरी करायची नाहीये मला. फक्त ‘अहदास’ हा शब्द मला त्यानंतर थंड वाटेना.

१९८९ मध्ये सौदी अरेबियात ताइफला युद्ध थांबवायचा करार झाला, १९९१ मध्ये सार्वत्रिक माफीचा कायदा आला. टोळ्यांचे म्होरके मंत्री झाले, खासदार झाले. त्या माफीतून एक गोष्ट वगळली होती: राजकीय आणि धार्मिक नेत्यांचे खून. सामान्य माणसाला मारलं असेल तर माफ, पुढाऱ्याला मारलं असेल तर नाही. हे वाचलं त्या दिवशी मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात गोष्ट स्वातंत्र्यापाशी, १९४३ च्या आसपास येऊन थांबते. पुढचं कसं लिहायचं यावर एकमत झालेलं नाही. इंजिनिअरच्या मुलीला मी विचारलं तर तिनं युद्ध शाळेत नाही, आजोबांच्या भांडणांत ऐकलं होतं.

बांधकाम मात्र झालं, भरपूर झालं. शहराचा मध्यभाग एका खासगी कंपनीकडे सोपवला. तेव्हाचे पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या पुढाकारानं १९९४ मध्ये ती उभी राहिली. जागेच्या मालकांना जागेऐवजी तिचे शेअर मिळाले. बरीच जुनी बांधकामं, ज्यांना डागडुजी चालली असती, ती पाडली गेली. आता तिथं दगड इतका स्वच्छ आहे की माझ्यासारखीला तिथं काही करायलाच शिल्लक नाही. दुपारी मी त्या रस्त्यांवरून चालले तर निम्म्या दुकानांना फळ्या ठोकलेल्या आणि चौकात एकटा शिपाई. जुन्या बाजारात एकाच फळीवर दोन पंथांचे व्यापारी कापड मोजत, असं तांत सांगायची. तो बाजार काही त्या दगडातून परत आला नाही. हुतात्मा चौकातला पुतळा मात्र मला आवडला. त्याला गोळ्यांची भोकं आहेत, एकाचा हात तुटलेला आहे, डागडुजी करताना ते बुजवलं नाही.

पाइनच्या झाडांचं वन आहे शहरात, संग्रहालयापासून जवळच, होर्श बैरूत. १९८२ च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं होतं. नव्वदीच्या दशकात पुन्हा झाडं लावली, ती मोठी झाली, सावली पडली. तरी २०१५-१६ पर्यंत सर्वसामान्यांना आत सोडत नव्हते. तीन बाजूंना तीन पंथांच्या वस्त्या आहेत, आत भांडणं होतील, असं कारण. परदेशी माणूस मात्र सहज आत जाई. झाडं बरी झाली होती, माणसांवर भरवसा बसला नव्हता. मी गेले त्या रविवारी आत पोरं सायकली शिकत होती, एक आजोबा बुद्धिबळाचा पट मांडून जोडीदाराची वाट बघत होते. तीन वस्त्यांतलं कोण कुठलं ते मला ओळखता येत नव्हतं आणि ओळखण्याची गरजही नव्हती.

तांतच्या हॉलमध्ये बरेच फोटो. आपल्याकडे फोटोला हार दिसला की कळतं. तिथं हार नसतो. गेलेल्यांचे फोटो एका कपाटावर, मेणबत्तीशेजारी. जिवंत असलेल्यांचे फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर: माँट्रियलची बहीण, तिची मुलं, नातवंडं, बर्फात काढलेले. त्या भिंतीवर, नातवंडांच्या मध्ये, एक काळा-पांढरा फोटो होता. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, कॉलर रुंद, केस कानांवर. बरेच महिने मी विचारलं नाही. लेबनॉनमध्ये त्या युद्धात सुमारे सतरा हजार माणसं बेपत्ता झाली. त्यांच्या घरच्यांची समिती वदाद हलवानी या बाईंनी १९८२ मध्ये उभी केली, स्वतःच्या नवऱ्याला दारातून नेल्यावर. बेपत्तांचं काय झालं हे जाणून घ्यायचा हक्क मान्य करणारा कायदा यायला २०१८ उजाडलं. एका संध्याकाळी तांत आपणहून त्या फोटोकडे बघत म्हणाली, “सप्टेंबर होता. गरम होत होतं. स्वेटर नेला नव्हता त्यानं.” कुठं चालला होता, हे ती बोलली नाही. मी कॉफीचे कप विसळायला उचलले.

पैशांचं बोलणं ती जास्त करायची. १९९७ पासून २०१९ पर्यंत एका डॉलरला पंधराशे लिरा हा भाव जणू दगडावर कोरलेला होता. मी पोहोचले तेव्हा चाळीस हजारांच्या घरात आणि निघताना लाखाच्या आसपास. तिच्या आयुष्यभराच्या कमाईला बँकेनं कुलूप लावलं होतं. युद्धातही माझा पगार मिळत होता, असं ती म्हणे, तेव्हा तिच्या स्वरात राग कमी आणि आश्चर्यच जास्त असे.

६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे सव्वातीनच्या सुमारास इमारत हलली. तुर्कस्तानातला तो मोठा भूकंप. पलंग भिंतीपासून सरकला तशी मी उठले आणि आधी समोरचं दार वाजवलं. तांत दारातच उभी, अंगावर कोट, हातात पर्स, पायांत बूट. तिला इतक्या लवकर तयार झालेली बघून मी चकित झाले. मग लक्षात आलं, ही तयारी तिच्या हाडांत आहे. पाऊस पडत होता. सगळी गल्ली रस्त्यावर, ब्लँकेटं गुंडाळून. इसवी सन ५५१ मध्ये हे सगळं शहर असंच भूकंपात गेलं होतं, समुद्र आत आला होता, तिथलं नामांकित रोमन कायदेविद्यालय त्यात संपलं, हे मला त्या क्षणी का आठवावं कुणास ठाऊक. जनरेटरवाल्यानं चहा आणला. मी सवयीनं इमारतीच्या कोपऱ्यांवर बॅटरी मारून भेगा बघत होते. तांतनं माझी बाही ओढली. “या बिंती, थंडी कमी झाली की आपण मतहफला जाऊ.”

मी आधी दोन-तीनदा विचारलं होतं. दर वेळी गुडघे, हवा, मिळणारी-न मिळणारी सर्वीस, म्हणजे शेअर टॅक्सी. आता तिनंच काढलं होतं.

आठवड्याभरानं गेलो. तिनं ओठांना लिपस्टिक लावली होती, चांगला निळा कोट घातला होता. टॅक्सी नको म्हणाली. दमास्कस रस्त्यानं आम्ही चालत होतो आणि तिच्या चालण्यात मला काहीतरी खटकत होतं. ती भिंतीला लागून चालायची, माझ्याशी बोलत बोलत, अगदी सावकाश. डावीकडून एखादी गल्ली येऊन मिळाली की बोलणं थांबायचं आणि ती मोकळी जागा भराभर ओलांडून पुढच्या भिंतीशी पोहोचायची, तिथं पुन्हा सावकाश. तीन गल्ल्यांनंतर मला कळलं. गल्लीच्या तोंडाशी नेमबाजाला माणूस दिसतो. तिला हे आपण करतोय याची जाणीव नव्हती. मीही मग गल्लीच्या तोंडाशी पाय उचलायला लागले, ती एकटी पडू नये म्हणून.

संग्रहालयाच्या पायऱ्या चढून आत शिरताना ती थांबली. तिकीट देणारा तरुण मुलगा मान खाली घालून फोनवर काहीतरी बघत होता. त्यानं वर बघायच्या आत तिचा हात पर्समध्ये गेला आणि ओळखपत्र बाहेर आलं. तिनं ते समोर धरलं, फोटोची बाजू त्याच्याकडे, हात पूर्ण लांब करून. “नको, तांत,” तो म्हणाला, “ठेवा ते.” आताच्या ओळखपत्रावर पंथ लिहिलेलाच नसतो. तिनं हात खाली घेतला. कार्ड पर्समध्ये मात्र गेलं नाही.

अहिरामपाशी ती जेमतेम थांबली. ज्या चित्राविषयी मला तिला सांगायचंच होतं, ते मेंढपाळाचं रंगीत खड्यांचं चित्र, त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात नेमबाजानं बंदुकीसाठी भिंतीला भोक पाडलेलं आहे आणि ते मुद्दाम तसंच ठेवलंय. ते मी दाखवलं. तिनं वाकून बघितलं, “हं” म्हणाली आणि पुढे गेली. ती रमली ती सैदाजवळच्या एश्मून देवळातल्या संगमरवरी मुलांपाशी. आजारी मूल बरं झालं की आईबापांनी देवाला वाहिलेले हे पुतळे, अडीच हजार वर्षांपूर्वीचे. गुबगुबीत, मनगटाला वळ्या पडलेली, एकाच्या हातात पक्षी. तिनं प्रत्येकाचा चेहरा बघितला. मग आम्ही तो छोटा चित्रपट बघितला, सिमेंटच्या पेट्या फोडतानाचा. कामगार छिन्नी मारतोय, ठोकळ्याला चीर जाते, आतून दगडाचा एक खांदा दिसायला लागतो. अंधारात तांत माझ्याकडे झुकली. “त्यांना सांग,” ती म्हणाली, “हळू.”

२०२४ च्या शरदात बैरूतवर पुन्हा बॉम्ब पडत होते. मी पुण्याहून फोन करायची. ती जिन्यात बसलेली असायची, तिथं भिंती दोन्हीकडून आहेत म्हणून. नोव्हेंबरअखेर युद्धबंदी झाली त्या दिवशी तिनं मला कोबीच्या डोलम्याची कृती सांगितली, सविस्तर, भातात दालचिनी किती घालायची इथपासून.

पण त्या फेब्रुवारीतल्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती आणि लाइट होती. तांतनं कोट न काढताच बहिणीला व्हिडिओ फोन लावला. माँट्रियलला पहाट. बहीण झोपेतून उठून बसली, चष्मा शोधत. “मी मतहफला जाऊन आले,” तांत म्हणाली. पलीकडे काही क्षण नुसती खिडकीबाहेरच्या बर्फाची पांढरी चौकट दिसत राहिली, बहिणीनं फोन हातातून खाली केला असावा. मग आवाज आला.

“आणि परत कशी आलीस?”

तांतच्या डाव्या हातात ते कार्ड अजून होतं. तिनं ते फ्रिजवर ठेवलं, फोटोंच्या भिंतीला टेकवून, आणि उत्तर दिलं.

“चालत.”